वाचक विचारतात : दक्षिण फ्रान्सची मिश्र रेड वाइन

या महिन्याच्या टपालात दक्षिण फ्रान्सच्या ड्राय रेड ब्लेंडबद्दल इतके प्रश्न आले की सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पिणारे, पिकवणारे आणि बनवणारे, तिघांचीही पत्रं यात आहेत.

कॉलेज रोड, नाशिक : भावाने परदेशातून येताना एक बाटली आणली. लेबलवर ‘कोत द्यु रोन’ लिहिलंय, साल आहे, अल्कोहोल १४.५ टक्के आहे, पण शिराझ की कॅबर्ने याचा पत्ता नाही. आपल्याकडच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव ठळक असतं. ही भेसळ तर नव्हे?

अजिबात नाही. फ्रान्समध्ये गावाचं किंवा पट्ट्याचं नाव हीच हमी असते. कोणत्या जाती लावायच्या, हेक्टरी उतारा किती घ्यायचा, अल्कोहोल किमान किती हवं, हे सगळं त्या नावाच्या नियमावलीत बांधलेलं असतं. म्हणून द्राक्षाची जात वेगळी छापायची गरज त्यांना वाटत नाही. कोत द्यु रोनला अशा नियमबद्ध नावाचा दर्जा १९३७ साली मिळाला. तुमच्या बाटलीत बहुधा ग्रनाश ही जात सर्वांत जास्त असणार. सोबत सिरा, म्हणजे आपलं शिराझच, आणि थोडं मुर्वेद्र ही तिसरी जात.

मिश्रण करायचं कारण बागेतच आहे. ग्रनाशची साल पातळ, रंग फिका, साखर मात्र भरपूर. तोंडात गोलाई येते, लाल बेरीसारखा वास येतो, पण आम्लता कमी असते आणि हवा लागली की रंग लवकर विटकरी होतो. सिरा गडद जांभळा रंग देतं, टॅनिनचा (तोंड कोरडं करणाऱ्या तुरट द्रव्याचा) कणा देतं आणि मिरीचा वास देतं. मुर्वेद्र फार उशिरा पिकतं. त्याच्या टॅनिनमुळे ग्रनाशला हवेपासून संरक्षण मिळतं आणि वाइन जास्त वर्षं टिकते. कारिन्याँ या जातीकडून आम्लता येते, सँसो या जातीकडून हलकेपणा आणि सुगंध. एकात जे कमी, ते दुसऱ्याकडून भरून काढायचं. निव्वळ एका जातीची वाइन तिथे होतच नाही असं मात्र नाही. रोन खोऱ्यातल्या शातोनफ द्यु पापमध्ये परंपरेने १३ जातींना परवानगी आहे, पण कोणाचं किती प्रमाण याची सक्ती नाही, त्यामुळे शंभर टक्के ग्रनाशसुद्धा नियमात बसतं.

पुढच्या वेळी भावाला यादी द्यायची असेल तर एवढं ध्यानात ठेवा. मऊ, फळांचा स्वाद हवा असेल तर कोत द्यु रोन. कडक, काळपट, काही वर्षं ठेवून पिण्यासारखी हवी असेल तर बांदोल; तिथे रेडमध्ये किमान निम्मं मुर्वेद्र आणि १८ महिने लाकडात ठेवणं बंधनकारक आहे. कारिन्याँचा जोर चाखायचा असेल तर फितू किंवा कोर्बिएर. फितूला १९४८ साली दर्जा मिळाला, कोर्बिएर आणि मिनर्वुआला १९८५ साली. फोजेरची जमीन शिस्ट खडकाची आहे, आणि पैसे मोजून काही वेगळं घ्यायचं असेल तर आमचं मत फोजेरला. ‘पेई दॉक’ लिहिलेल्या बाटल्यांचे नियम सैल असतात आणि त्यांवर जातीचं नाव बहुतेकदा छापलेलं असतं. रोजच्या पिण्याला त्या चांगल्या. ‘व्हिएय व्हीन्य’ म्हणजे जुन्या वेली. पण किती वर्षांची वेल जुनी म्हणायची याची कायद्यात व्याख्या नाही, तेव्हा त्या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका.

इंदिरानगर : ‘ड्राय’ म्हणजे साखर नाही ना? मग ही वाइन जिभेला गोडसर का लागते? घरात मधुमेही आहेत म्हणूनही विचारते.

युरोपीय नियमानुसार ड्राय स्टिल (बुडबुडे नसलेल्या) वाइनमध्ये लिटरला साधारण ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते. आम्लता जास्त असेल तर आणखी थोडी सवलत मिळते. चांगल्या बनवलेल्या रेडमध्ये ती बहुधा २ ग्रॅमच्या आसपास असते. जिभेला जाणवतो तो गोडवा साखरेचा नाही. अल्कोहोल स्वतःच किंचित गोड लागतं, आणि ग्रनाश पिकलेलं असल्यामुळे ते १४ ते १५ टक्क्यांवर जातं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणजे १४.५ टक्क्यांच्या वाइनच्या रसात लिटरला जवळपास २४५ ग्रॅम साखर होती आणि यीस्टने ती सगळी संपवली. त्यात आम्लता कमी आणि पिकलेल्या फळाचा वास, म्हणून डोक्यात ‘गोड’ अशी नोंद होते. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. वास गेला की बराचसा गोडवाही जातो.

मधुमेहाचं म्हणाल, तर १५० मिलीच्या ग्लासात साखर ०.३ ग्रॅमच्या आसपास येते, पण प्रश्न साखरेचा नसून अल्कोहोलचा आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अल्कोहोलमुळे साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते, तीही काही तासांनी, झोपेत. डॉक्टरांना औषधांची नावं सांगून विचारल्याशिवाय देऊ नका आणि उपाशीपोटी तर मुळीच नको.

पंचवटी : रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला द्यावी म्हणतात. मे महिन्यात आमच्या खोलीत ३४ अंश असतं!

ती खोली थंड देशातल्या घराची, आपली नव्हे. या वाइनला १६ ते १८ अंश हवेत. हलक्या, सँसो जास्त असलेल्या वाइनला १४ अंशही चालतात. तीस अंशांवर ओतलीत तर आधी अल्कोहोलचा भपकाराच नाकात जातो, फळ मागे पडतं आणि घोट पातळ, जळजळीत लागतो. अनेकांना रेड आवडत नाही त्याचं खरं कारण हेच, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा. ३२ अंशांवरून १७ वर यायला बारा-पंधरा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ घालू नका. खड्यांच्या मधे हवा राहते आणि बाटली हळूहळू गार होते. फ्रिजमध्ये याच कामाला तासभर ते सव्वा तास लागतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर कॉर्क वर येईल. ग्लासात ओतलेली वाइन मे महिन्यात दहा मिनिटांत पुन्हा तापते, म्हणून एका वेळी थोडीच ओता आणि बाटली परत बादलीत ठेवा.

साठवणीचंही इथेच सांगतो. मार्च ते जून बाटली कपाटात, माळ्यावर किंवा गाडीत ठेवू नका. आतली वाइन तापून फुगते, कॉर्क सरकतो, गार झाल्यावर हवा आत ओढली जाते आणि महिन्याभरात वाइन शिजल्यासारखी लागते. वाइन फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा चालेल, काही महिन्यांपुरता. तळाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार. निरुपद्रवी असतात, गाळून प्या.

नाशिक रोड : बाटली उघडली तर सडक्या अंड्यासारखा वास. दुकानदार म्हणतो, असंच असतं. फेकून द्यावी का?

आधी फेकू नका. सिरा आणि मुर्वेद्र या दोघांनाही हवा कमी मिळाली की गंधकाचा वास धरतो. आंबताना यीस्टला नायट्रोजन कमी पडला किंवा वाइन गाळावर फार दिवस राहिली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये जरा उंचावरून ओता, गोल फिरवा आणि अर्धा तास थांबा. बहुतेक वेळा वास निघून जातो. तरी राहिला तर एक ग्लास घेऊन त्यात स्वच्छ घासलेली तांब्याची जाड तार मिनिटभर फिरवा, बाहेर काढा आणि हुंगा. वास गेला तर दोष हायड्रोजन सल्फाइडचा किंवा मर्कॅप्टन या गंधकाच्याच संयुगाचा होता, एवढं निदान पक्कं झालं. तो ग्लास मात्र ओतून द्या. आणि नाशिकच्या घरात तांब्याची भांडी हाताशी असतात म्हणून सांगतो, वाइन तांब्याच्या तांब्यात किंवा जगमध्ये ओतून ठेवू नका. आम्लामुळे तांबं वाइनमध्ये उतरतं.

तबेल्याचा किंवा बँडेजपट्टीचा वास हा वेगळा दोष आहे. तो ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचा, हवेने जात नाही. दक्षिण फ्रान्सच्या जुन्या धाटणीच्या वाइनमध्ये त्याची किंचित झाक काहींना आवडते. आम्हाला ती फळाचा स्वाद मारणारीच वाटते. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर कॉर्क खराब. ती बाटली परत करा, पावती जपून ठेवलेली असू द्या.

सातपूर : मिसळीबरोबर जाईल का?

नाही. तिखटाची आग अल्कोहोलने वाढते, आणि १४.५ टक्क्यांवर तर्रीची जळजळ दुप्पट वाटते. टॅनिन वर कोरड पाडतं. काळ्या मसाल्याचं सुकं मटण करा, लाल तिखट निम्मं आणि मिरी, लवंग, दगडफूल नेहमीइतकं. सिराच्या मिरीसारख्या वासाला कारण असलेलं रोटंडोन हे द्रव्य काळ्या मिरीतही असतं, म्हणून ही जोडी तोंडात सहज जुळते. शाकाहारी घरात निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची बेताची, शेंगदाण्याचं तेल जरा सढळ. माशाबरोबर टाळा, धातूसारखी चव येते.

दिंडोरी तालुका : आमच्याकडे शिराझ आहे, वाइनरीला करारावर देतो. शेजारची दोन एकर मोकळी आहे. दक्षिण फ्रान्ससारखं ब्लेंड करायला ग्रनाश लावावं का? त्यांचं हवामान आपल्यासारखंच उष्ण आहे ना?

उष्ण आहे, पण आपल्यासारखं नाही. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर काढणी होते. उन्हाळा कोरडा, आणि रोनच्या खोऱ्यातून मिस्त्राल नावाचा जोरदार उत्तरेचा वारा पानं-घड वाळवून टाकतो. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरची फळछाटणी, मग फेब्रुवारी-मार्चला काढणी. तिथे फळ पिकताना दिवस लहान आणि रात्री गार होत जातात. आपल्याकडे नेमकं उलटं, काढणीकडे जाताना ऊन चढतं.

यातून तीन अडचणी उभ्या राहतात. ग्रनाश उशिरा पिकणारं आहे. शिराझ काढून झाल्यावरही ते वेलीवर राहणार, आणि मार्चमध्ये पारा ३५ च्या वर गेला की मॅलिक आम्ल भराभर उतरतं, रसाचा पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो. साखर २५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दिसते पण साल आणि बी अजून कच्ची असते. दुसरी अडचण मणीगळीची. ग्रनाश यासाठी बदनाम आहे. छाटणीनंतर पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत फुलोरा येतो. त्या आठवड्यात ढगाळ हवा किंवा अवकाळी आली, किंवा नत्र जास्त झालं, तर घड हातात घेऊन झटकला की मोहरीएवढे मणी तळहातावर पडतात आणि देठाचा नुसता सांगाडा उरतो. तिसरी म्हणजे घड घट्ट असल्याने पिकताना पाऊस आला तर आतून कुज सुरू होते आणि बाहेरून ती दिसत नाही. डाऊनी म्हणजे केवडा रोगालाही हे वाण हळवं आहे.

म्हणून दोन एकर एकदम नको. आधी वाइनरीशी लेखी बोला. ग्रनाश खाण्याचं द्राक्ष म्हणून बाजारात खपणार नाही. मग तीन-चार ओळींवर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरा आणि दोन पिकं बघा. जमीन मुरमाड, उथळ, निचऱ्याची निवडा. ११० आर खुंट (ज्या मुळांच्या वेलीवर कलम भरतात ती) कोरड्या जमिनीला उत्तम आहे. पण खोल काळ्या जमिनीत तोच खुंट वेल माजवतो आणि माजलेल्या ग्रनाशची मणीगळ वाढते. डॉगरिज खुंटावर तर नकोच.

खाण्याच्या द्राक्षाच्या तीन सवयी इथे सोडाव्या लागतील. मणी फुगवायला जीए (जिब्रेलिक आम्ल) मारायचं नाही. वाइनला लहान मणी हवेत, कारण रंग आणि टॅनिन सालीत असतात. साखर चढवायला शेवटी शेवटी पोटॅशचा मारा करायचा नाही. रसात पोटॅशियम वाढलं की टार्टारिक आम्ल क्षार होऊन बसतं आणि पीएच चढतो. आणि उताऱ्याचा लोभ नको. शातोनफ द्यु पापमध्ये हेक्टरी ३५ हेक्टोलिटरची, म्हणजे ३,५०० लिटरची मर्यादा आहे, म्हणजे एकरी जेमतेम दोन टन. इथे तेवढं कमी परवडणार नाही हे कळतं, पण एकरी चार टनांवर ग्रनाश गेलं की वाइन रोझे या गुलाबी वाइनसारखी फिकी उतरते.

आता आमचं मोकळं मत. नाशिकच्या शिराझला कमी पडते ती आम्लता, आणि ग्रनाशकडेही नेमकी तीच कमी आहे. दोन उण्या बाजू एकत्र करून ब्लेंड सुधारत नाही. नवी जात लावण्याआधी वाइनरीला सुचवा की तुमच्याच शिराझच्या काही ओळी सात-दहा दिवस आधी, २१ ते २१.५ ब्रिक्सवर काढून वेगळ्या टाकीत आंबवा आणि पुढे १० ते १५ टक्के मिसळा. दक्षिणेत कारिन्याँ जे काम करतं त्यातलं बरंचसं याने होईल, तेही एक रोप न लावता.

विंचूर परिसर, छोटी वाइनरी : शिराझ ६५, ग्रनाश २५, कॅबर्ने १० असं ब्लेंड केलं. तिन्ही वाइन स्वतंत्र चाखल्या तेव्हा ठीक होत्या. बाटलीत भरल्यावर दोन महिन्यांत बारीक फसफस, काही कॉर्क वर सरकले. चुकलं कुठे?

बाटलीत पुन्हा आंबवण झालं. कारण दोनपैकी एक. तिन्हींपैकी एका वाइनमध्ये मॅलिक आम्ल शिल्लक होतं आणि दुसरीतले जिवंत जिवाणू मिश्रणात त्याला भेटले, ते खाऊन वायू सोडू लागले; किंवा ग्रनाशचं आंबवण शेवटी अडकलं होतं आणि थोडी साखर उरली होती. जास्त साखरेच्या ग्रनाशमध्ये हे नेहमीचं आहे. अल्कोहोल १४ च्या वर गेलं आणि टाकी ३२-३३ अंशांवर तापली की यीस्ट दमतं. ग्रनाशमध्ये ६ ग्रॅम साखर उरली असेल तर २५ टक्के मिसळल्यावर ब्लेंडमध्ये १.५ ग्रॅम होते. चवीला समजत नाही, जंतूंना पुरते. कागदी क्रोमॅटोग्राफीवर (आम्लं वेगळी करून दाखवणाऱ्या कागदाच्या चाचणीवर) मॅलिकचा ठिपका दिसतो का पाहा आणि साखर प्रयोगशाळेतून एन्झाइम पद्धतीने मोजून घ्या. जिभेवर विसंबू नका. उरलेल्या बाटल्या थंड जागी हलवा. दाब वाढलेल्या बाटल्या उघडून परत टाकीत घेणं हाच सुरक्षित मार्ग.

पुढच्या हंगामासाठी क्रम असा ठेवा. प्रत्येक वाइनमध्ये मॅलिक लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली आणि साखर २ ग्रॅमच्या खाली आल्याशिवाय ब्लेंडला हात लावू नका. गाळ काढून तिन्ही वाइन एकाच तापमानाला, १८ ते २० अंशांवर आणा. सकाळी, काही खाण्याआधी, १०० मिलीच्या मोजपात्रात पहिला नमुना करा. ६५ मिली, २५ मिली, १० मिली. मग एका वेळी एकाच घटकात ५ मिलीचा फरक करत पाच-सहा नमुने. ग्लासांना नुसते आकडे द्या आणि प्रमाणाची वही दुसऱ्याच्या हातात राहू द्या, नाहीतर महागडी टाकी जिंकते. आवडलेले दोन नमुने लहान बाटलीत काठोकाठ भरून बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. ताज्या मिश्रणात ग्रनाशचं फळ पुढे असतं. एका रात्रीत टॅनिन वर येतं आणि बऱ्याचदा निवड बदलते.

अल्कोहोलचा हिशेब सरळ आहे. शिराझ १३.६, ग्रनाश १४.८, कॅबर्ने १३.२ असेल तर ८.८४ अधिक ३.७० अधिक १.३२, म्हणजे १३.८६ टक्के. पीएचचा असा हिशेब चालत नाही, तो मीटरवरच मोजा. आणि वाइन टिकवणाऱ्या सल्फाइटची मात्रा पीएचवर ठरते. ३.४ पीएचला मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला २० मिलिग्रॅम जे काम करतो, त्याच कामाला ३.८ पीएचला जवळपास ५० लागतात. आपल्याकडच्या चढ्या पीएचच्या रेड वाइन बिघडतात त्या इथे. १०० लिटरमध्ये २० मिलिग्रॅमची वाढ हवी असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट साडेतीन ग्रॅम लागतं, कारण त्यातला सुमारे ५७ टक्के भागच कामाचा. घातल्यावर काही वाटा बांधला जातो, म्हणून दोन दिवसांनी मुक्त मात्रा परत मोजा. ब्लेंड झाल्यावर किमान महिनाभर टाकी स्थिर राहू द्या. प्रत्येक वाइन वेगळी स्वच्छ असली तरी मिसळल्यावर नवा गाळ बसतो. भरताना ०.४५ मायक्रॉनचा निर्जंतुक फिल्टर लावलात तर उरलेली जोखीम संपते.

गंगापूर रोड : उघडलेली बाटली किती दिवस?

कॉर्क लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. ग्रनाश जास्त असेल तर दोन दिवस, मुर्वेद्र किंवा कारिन्याँ जास्त असेल तर तीन ते चार. अर्धीच पिणार हे आधी ठाऊक असेल तर उघडल्या उघडल्या निम्मी वाइन स्वच्छ ३७५ मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. ती आठवडाभर चांगली राहते. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, उन्हाळ्यात पंधरा मिनिटं पुरे.